बाराव्या फ्रेटवर सूर का चढतो?

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज आणि सॅडल

तारा बदलण्याविषयी मागे या सदरात लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त विचारणा ब्रिजची आहे. ब्रिज म्हणजे गिटारच्या बॉडीवरचा तारा टेकण्याचा धातूचा भाग, आणि सॅडल म्हणजे त्यावरचा तारेखालचा छोटा सरकता टेकू. त्यातले निवडक प्रश्न आज घेतो आहोत. एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी आधीच सांगायला हवी, कारण बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात: क्रम मोडू नका. आधी नव्या तारा, ट्रेमोलो (हँडलने हलणारा ब्रिज) असेल तर त्याचा तोल, मग नेकचा, म्हणजे गिटारच्या दांड्याचा बाक, मग सॅडलची उंची आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे मोकळी आणि फ्रेटच्या आडव्या पट्टीवर दाबलेली तार दोन्ही सुरात येतील असं सॅडल मागे-पुढे करणं. उंची हलली की इंटोनेशन हलतं, नेक हलली की उंची हलते. शेवटची पायरी आधी केली तर ती पुन्हा करावीच लागते.

मोकळी तार ट्यूनरवर बरोबर येते, पण बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर चढतो. पहिल्या चार-पाच फ्रेटमधल्या कॉर्ड ठीक वाटतात, वरच्या बेसूर. चार दिवसांपासून सॅडलचे स्क्रू फिरवून राहिलो, फरकच पडत नाही. कुठल्या बाजूला आणि किती फिरवायचं? (स्ट्रॅटसारखी गिटार, ९-४२ च्या तारा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत सर्वांत पातळ तार ९, सर्वांत जाड ४२)
*एक विद्यार्थी, धरमपेठ*

दिशा आधी सांगतो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून दूर न्यायचं. उतरलेला असेल तर पुढे, पिकअपकडे (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाकडे) आणायचं. तुमच्या ब्रिजवर मागचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की सॅडल मागे येतं.

आता किती, हे जास्त महत्त्वाचं, कारण तुमची अडचण तिथेच दिसते. तुमच्या गिटारची स्केल, म्हणजे तारेची मोकळी लांबी, ६४८ मिमी, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बारावा फ्रेट ३२४ मिमीवर. या स्केलवर सॅडल १ मिमी सरकलं की बाराव्या फ्रेटचा सूर साधारण २.७ सेंट हलतो. (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) ३ मिमी जाडीच्या स्क्रूचे आटे अर्ध्या मिमीचे असतात, तेव्हा स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे जेमतेम सव्वा सेंट. ट्यूनर ८ सेंट चढा दाखवत असेल तर सॅडलला ३ मिमी मागे जायचं आहे, म्हणजे सहा फेरे. पाव-पाव फेरा देऊन बघत बसलात तर फरक दिसणारच नाही. तुमचे हात चुकलेले नाहीत, अंदाज कमी पडला आहे.

हे सगळं लागतंच का? हिशेबाने सॅडल बाराव्या फ्रेटपासून बरोबर ३२४ मिमीवर असायला हवं. पण तार दाबताना ती फ्रेटपर्यंत ताणली जाते आणि ताण वाढला की सूर चढतो. शिवाय तार टोकापाशी कडक असते, सॅडलवरून निघताच मोकळेपणी डोलत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष कंप पावणारी लांबी पट्टीने मोजलेल्या लांबीपेक्षा थोडी कमी भरते. दोन्हींची भरपाई सॅडल मागे नेऊन करायची. किती मागे, हे तारेच्या गाभ्यावर ठरतं. (सहा तारा पातळपासून जाडपर्यंत अशा: ई, बी, जी, डी, ए, ई.) गुंडाळलेल्या तारेचा आतला गाभा बारीक असतो, म्हणून डीचं सॅडल साध्या जीपेक्षा पुढे बसतं, जरी डी दिसायला जाड असली तरी. बरोबर बसलेली सॅडलं वरून पाहिलीत तर एक तिरकी रांग न दिसता दोन तुटक पायऱ्या दिसतात: पातळ ई, बी, जी अशी मागे सरकत जाणारी एक, मग डी पुन्हा पुढे, आणि तिथून ए, जाड ई मागे.

तुमच्या पत्रावरून सॅडलं आता कुठेही गेलेली असणार. म्हणून ती आधी मूळ जागी आणा. पातळ ईचं सॅडल नटपासून ६४८ मिमीवर ठेवा. बीचं सॅडल त्याच्या मागे बी तारेच्या जाडीइतकं, जीचं त्याच्या मागे जी तारेच्या जाडीइतकं. डीचं सॅडल बीच्या रेषेत. ए आणि जाड ई पुन्हा त्याच रीतीने, आपापल्या जाडीइतक्या मागे. हा आरंभ आहे, इथून बहुतेक तारा थोड्याफार मागेच जातील.

पुढचं काम एकेका तारेवर करा. गिटार टेबलावर आडवी न ठेवता वाजवताना धरता तशी मांडीवर घ्या. केबलने जोडायचा ट्यूनर वापरा. क्लिपचा ट्यूनर रोजच्या जुळवणीला चांगला, पण दोन-तीन सेंटचा फरक त्यावर नीट वाचता येत नाही. नेककडचा पिकअप निवडा आणि टोनचं बटण उतरवून ठेवा, म्हणजे सुई स्थिर राहते. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) काढून तार जुळवा. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा, कॉर्ड धरताना देता तेवढाच दाब देऊन. जोरात दाबलंत तर उंच फ्रेटवर सूर आपसूक चढेल आणि तुम्ही सॅडल नको तितकं मागे न्याल. फरक मोजा, वरच्या हिशेबाने फेरे ठरवा, तार एक-दोन फेरे ढिली करा आणि मगच स्क्रू फिरवा. ताणलेल्या तारेखाली सॅडल ओढलं तर स्क्रूचं डोकं घासतं. पुन्हा जुळवा, पुन्हा मोजा. एक-दोन सेंटच्या आत आलं की थांबा.

सॅडल मागे नेताना स्प्रिंग पूर्ण दबली आणि जागा संपली, तर ती काढून दोन-तीन वेटोळी कापून परत घाला. जाड ईवर हे नेहमीचं आहे.

दोन सावधगिऱ्या. जुन्या तारांवर हे काम करूच नका. घाम आणि मळ तारेवर सगळीकडे सारखा बसत नाही आणि फ्रेटखाली खाचा पडतात. अशी तार कुठल्याच सॅडलवर सुरात येत नाही. आणि पिकअप फार वर असतील तर त्यांचं चुंबक जाड तारा खेचतं, एकाच स्वरात दोन सूर डोलताना ऐकू येतात, ट्यूनरची सुई थांबत नाही. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालून पिकअपच्या चुंबकापर्यंत जाड ईकडे २.४ मिमी आणि पातळ ईकडे २ मिमी ठेवा, मग सॅडलला हात लावा.

मुलगा अकरावीत आहे, त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. क्लासचे सर म्हणतात तारा फार उंच आहेत, बोटं दुखतात म्हणून तो कंटाळतो. घरी सॅडल खाली केलं तर काही तारा फ्रेटवर खडखडायला लागल्या. आता वर करायचं की दुसरं काही?
*एक आई, मानेवाडा*

वर करण्याआधी नेक तपासा. सॅडलवर दोष टाकण्याची घाई इथेच होते.

लागणारी हत्यारं मोजकी: अर्ध्या मिमीच्या खुणांची स्टीलची पट्टी, फीलर गेज आणि बारीक अ‍ॅलन की. फीलर गेज म्हणजे मेकॅनिक गाडीच्या व्हॉल्व्हची फट मोजतात तो पात्यांचा जुडगा. ऑटो स्पेअर पार्टच्या दुकानात किंवा इतवारीत लोहा ओळीत विचारा. अ‍ॅलन कीचं माप मात्र नीट बघून घ्या. बहुतेक स्वस्त गिटारींना १.५ मिमी लागते, अमेरिकन मापाच्या सॅडलला ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. जवळपासची की घालून फिरवली की स्क्रूचं षटकोन कायमचं गोल होतं.

तारा सुरात असू द्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट गेजने बघा. ०.२५ मिमीचं पातं तार न हलवता सरकलं पाहिजे. फट नसेलच तर नेक सपाट किंवा उलटी वाकलेली आहे आणि पहिल्या पाच फ्रेटवरचा खडखडाट सॅडलने जाणार नाही. ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक सांभाळणारा धातूचा दांडा) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा. फट अर्ध्या मिमीपर्यंत गेली असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा कसा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. रॉडच्या टोकाचा फिरवायचा नट अडला तर जोर न लावता कारागिराकडे न्या, ट्रस रॉड तुटला तर गिटारच्या किमतीएवढा खर्च येतो.

नेक ठीक झाली की सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत उंची मोजा. सगळ्या तारांना १.६ मिमी हा चांगला आरंभ. मुलगा जोरात वाजवत असेल तर जाड ई आणि ए २ मिमीपर्यंत वर घ्या. सतराव्या फ्रेटवर अर्धा मिमी हवा असेल तर सॅडल जवळजवळ ०.८ मिमी हलवावं लागतं. प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन स्क्रू असतात, दोन्ही सारखे फिरवा. सॅडल एका बाजूला कललं तर तार खाचेतून सरकते.

सगळी सॅडलं एका पातळीत आणण्याची चूक करू नका. फ्रेटबोर्डला गोलाई असते, तारांनाही तीच हवी. ९.५ इंची, म्हणजे २४१ मिमी त्रिज्येच्या बोर्डवर मधल्या डी-जी तारा कडेच्या ई तारांपेक्षा जवळजवळ १.४ मिमी वर असतात. पुठ्ठ्यावर दोरा आणि पेन्सिलने २४१ मिमीचं वर्तुळखंड काढून कापा आणि सॅडलपाशी तारांखाली लावून बघा. विकतच्या गेजइतकं काम होतं.

यानंतरही खडखड उरली तर ती कुठे आहे ते ऐका. फक्त मोकळ्या तारेला असेल तर नटची खाच खोल आहे. बाराव्याच्या पुढे असेल तर ती तार आणखी थोडी वर घ्या. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे. तो कारागीरच बसवेल. आणि सॅडल अगदी तळाला टेकूनही तारा उंच राहिल्या, तर नेकच्या खाचेत पिकअपकडच्या टोकाला पाव मिमीची पट्टी घालावी लागते. तेही अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

सॅडलने कधीच न सुटणारी एक गोष्ट: पहिल्या तीन फ्रेटवरच बोटं दुखतात आणि तिथलेच स्वर चढे लागतात, तर नट उंच आहे. तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाइतकी फट दिसायला हवी. तिथे बरीच जागा दिसली तर नटच्या खाचा उतरवून घ्या. सर म्हणतात त्या उंचीचं कारण नव्या गिटारींत बऱ्याचदा हेच निघतं.

बँडमध्ये जड आवाज हवा म्हणून ९ च्या तारा काढून १० च्या लावल्या. आता ब्रिज मागून उचलला गेला, तारा उंच झाल्या आणि एक तार जुळवली की बाकीच्या उतरतात. सॅडल खाली करू का?
*एक वादक, कामठी रोड*

सॅडलला हात लावू नका. ९-४२ च्या संचाचा एकूण ताण सुमारे ३८ किलो, १०-४६ चा सुमारे ४६ किलो. ब्रिजला मागून धरणाऱ्या स्प्रिंग तेवढ्याच आहेत, म्हणून तारांनी ब्रिज पुढे ओढला.

मागचं झाकण काढा. स्प्रिंग ज्या लोखंडी पट्टीला अडकवल्या आहेत तिला लाकडात जाणारे दोन लांब स्क्रू आहेत. गिटार सुरात आणा, दोन्ही स्क्रू अर्धा फेरा कसा, पुन्हा सुरात आणा. पहिल्यांदा सगळ्या तारा चढतील, मग उतरवाव्या लागतील. हे चार-सहा वेळा करावं लागतं, घाई करून चालत नाही. ब्रिजच्या मागच्या कडेखाली ३.२ मिमी फट राहिली की थांबा. स्क्रू संपत आले तर चौथी स्प्रिंग घाला. सहा स्क्रूंचा ब्रिज असेल तर तो बाहेरच्या दोन स्क्रूंवर डोलू द्या आणि मधले चार किंचित सैल ठेवा, नाहीतर हँडल सोडल्यावर तो जागेवर परत येत नाही.

हँडल वापरतच नसाल तर आमचा सरळ सल्ला: पाच स्प्रिंग घाला, ब्रिज बॉडीवर टेकेपर्यंत कसा आणि विषय संपवा. कार्यक्रमात एखादी तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात. तोल बसल्यावर नेक, उंची आणि इंटोनेशन पुन्हा बघा. जाड तारांनी तिन्ही बदललेलं असणार.

टेलीकास्टर प्रकारच्या गिटारला तीनच सॅडल आहेत. जी जुळवली की डी बिघडते. काय करावं?
*एक वाचक, सदर*

तडजोड. एका सॅडलवर दोन तारा बसतात आणि साध्या जीला मागे, डीला पुढे जागा हवी असते. मध्यावर ठेवा: जी दोन-तीन सेंट चढी, डी तितकीच उतरी. कॉर्डमध्ये ते कानाला खुपत नाही. जास्त अचूकता हवी असेल तर तिरकी किंवा पायरी कापलेली पितळी सॅडलं मिळतात, ती या जोड्यांसाठीच बनवतात. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटला आणि त्याच वर्षीच्या गिब्सनच्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजला प्रत्येक तारेसाठी वेगळं सॅडल आहे. तीन सॅडलचा जुना ब्रिज मात्र आवाजासाठी आजही लोक मुद्दाम निवडतात, तो बदलण्याची घाई करू नका.

लेस पॉल प्रकारच्या गिटारच्या सगळ्या तारा एकदम काढल्या तर ब्रिज सुटून हातात आला. परत बसवला तर सूर जुळत नाही. दिशा चुकली का? आणि उंची कशी बदलायची?
*एक वाचक, नंदनवन*

हा ब्रिज खांबांवर नुसता टेकलेला असतो, तारांचा ताणच त्याला धरून ठेवतो. म्हणून पुढच्या वेळी तारा एकेक करून बदला. उलटा बसला असेल तर सॅडलांच्या पायऱ्या बघून कळतं: जाड ईचं सॅडल नेकपासून सर्वांत दूर हवं, पातळ ईचं सर्वांत जवळ. एखाद्या तारेला मागे जायला जागा उरली नाही तर फक्त ते सॅडल काढून उलटं घाला, त्याची धार दुसऱ्या बाजूला येते आणि थोडी जागा मिळते.

उंची खांबांवरच्या दोन चाकांनी बदलते. तारा ढिल्या केल्याशिवाय चाक फिरवू नका. बाराव्या फ्रेटवर जाड ई २ मिमी आणि पातळ ई १.२ मिमी ठेवा. मागची तारपट्टी (तारांची टोकं अडकतात ती) फार खाली असेल तर तारा ब्रिजच्या मागच्या कडेवर घासतात, ती तेवढी वर घ्या.

एक तार सतारीसारखी झणझणते, मोकळी असो की दाबलेली. फ्रेटवर कुठेच लागत नाही.
*एक वाचक, जरीपटका*

सॅडलची खाच झिजून सपाट झाली आहे. सतारीवर ही झणझण जवारी घासून मुद्दाम आणतात, तिथे तार रुंद घोडीवरून निसटती जाते. गिटारवर तार सॅडलच्या नेककडच्या कडेवरूनच सुटायला हवी. तार ढिली करून बाजूला घ्या. जुन्या गुंडाळलेल्या तारेचा तुकडा किंवा बारीक गोल कानस घेऊन खाचेला मागच्या बाजूने उतार द्या. पुढच्या कडेला धक्का लावू नका, ती खाली गेली तर तारही खाली जाईल. दोन-तीन फटक्यांत तपासत जा. शेवटी खाचेत ४बी पेन्सिलीचं शिसं घासा.

त्याआधी एक सोपी गोष्ट मात्र बघा: त्या सॅडलच्या उंचीच्या दोन स्क्रूंपैकी एक ब्रिजवर टेकलेलाच नाही, असंही असू शकतं. बोटाने दाबून झणझण थांबली तर तो स्क्रू खाली टेकवा आणि आट्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडा.

कूलरच्या खोलीत गिटार असते. सॅडलचे स्क्रू गंजले आहेत, फिरत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उंची वेगवेगळी लागते. नेहमी सेटिंग करावंच लागणार का?
*एक वाचक, मनीष नगर*

नागपुरात हो, वर्षातून दोनदा तपासणी लागतेच. नवतप्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत आणि पारा ४५ च्या आसपास, खोलीत मात्र कूलरची ओल. मग जूनअखेर सगळीकडेच दमट. लाकूड ही ओल घेतं आणि सोडतं, त्याने नेकचा बाक बदलतो आणि तारांची उंची हलते. एप्रिलच्या सुरुवातीला एकदा आणि पाऊस लागून तीन-चार आठवडे झाले की एकदा, नेकची फट मोजा. ती ठरलेल्या मापावर आणली की उंची बहुधा आपोआप पूर्ववत होते, सॅडल फिरवावं लागत नाही. कोरड्या दिवसांत फ्रेटची टोकं बोर्डच्या कडेला हाताला टोचू लागली तर लाकूड आकसलं आहे असं समजा. गिटार कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, बॅगेत ठेवा.

गंजलेल्या स्क्रूवर स्प्रे मारू नका, तेल लाकडात आणि पिकअपमध्ये उतरतं. टूथपिकच्या टोकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब घेऊन आट्यावर सोडा, खाली कापड ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी अ‍ॅलन की पूर्ण तळापर्यंत बसवून आधी किंचित कसा, मग सोडा. तरीही हलला नाही तर सॅडल ब्रिजवरून काढून घ्या आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूला पाऊण मिनिट लावा. षटकोन गोल झालेला असेल तर नवे स्क्रू आणा. बहुतेक आयात ब्रिजना ३ मिमीचे चालतात, पण जुना स्क्रू सोबत न्या आणि लांबीही बघा. लांब स्क्रू सॅडलच्या वर निघाला की तळहात कापतो. नवी सॅडलंच घ्यायची झाली तर आधी दोन ई तारांमधलं अंतर मोजा. ते सुमारे ५२ मिमी असेल तर अरुंद आधुनिक सॅडलं, ५६ मिमी असेल तर जुन्या रुंद मापाची.